डाव्या हाताचा खांदा

आरसेकाकांच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक दोनपैकी एक काहीतरी बघतं: स्वतःचं तोंड, नाहीतर डोंगर. काकांची अडतीस वर्षांची मोजदाद अशी, की शंभरातले नव्वद तोंड बघतात, आठ-नऊ डोळे मिटून घेतात आणि उरलेला एखादा डोंगर बघतो. त्या एखाद्याच्या मानेवरून काकांचा वस्तरा जरा जास्तच मायेने फिरायचा. बाकीच्यांच्या माना ते कापत होते अशातला भाग नाही. पण माया ती माया.

आरशामुळेच त्यांना आरसेकाका म्हणत. एक जुनं कापडदुकान बंद पडलं तेव्हा तिथला भिंतभर आरसा काकांनी उचलून आणला होता. चार माणसं लागली होती आणि त्यातल्या दोघांची दाढी पुढे वर्षभर फुकट करावी लागली. आरसा मागच्या भिंतीवर बसला. समोर दुकानाचं दार, दारापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे बसक्या छपरांची ओळ आणि तिच्यावर, कुणाचीही परवानगी न घेता उभा असलेला, डोंगर. काका गिऱ्हाइकाच्या मागे, आरशाकडे तोंड करून उभे राहत. म्हणजे डोंगर कायम त्यांच्या पाठीशी आणि कायम त्यांच्या डोळ्यांसमोर. घर मागच्या गल्लीत. तिथून भिंती सोडून काही दिसत नसे. जाता-येता त्यांची नजर पायांखाली असायची, कारण रस्त्याला खड्डे होते आणि काकांना पावलं मोजायची सवय होती. डोंगर त्यांनी बघितला तो आरशातच.

एवढ्या वर्षांत त्यांना तो तोंडपाठ झाला होता. एका खांद्यावर दाट झाडी. त्या झाडीच्या पोटात झरा, आणि झऱ्यावर सगळ्या गावाचे नळ. मधे शिखर, त्याला दात पडल्यासारखी एक खाच. दुसरा खांदा निव्वळ काळा कातळ, त्याच्यावरून उतरलेली पाण्याची ओली रेघ. सकाळी पहिलं ऊन खाचेत अडकतं, मग घसरत कातळावर येतं. पावसाळा संपला की झाडी आठ दिवस निळी दिसते, मग हिरवी होते. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालू असताना काका मधेच थांबायचे आणि म्हणायचे, ‘आज ढग खाचेच्या खाली आलाय. छत्री आणलीत का?’ नव्वदांतला माणूस मान न वळवता म्हणायचा, ‘कल्ले जरा बारीक करा.’

आता गावाचं म्हणाल तर गावाला डोंगराचा भारी अभिमान. नगरपालिकेच्या शिक्क्यावर डोंगर, शाळेच्या बिल्ल्यावर डोंगर, बेकरीवाल्याच्या बिस्किटांच्या खोक्यावर डोंगर. पाहुणा आला की त्याला हटकून डोंगर दाखवत; पाहुणा नसला की कुणी वर बघत नसे.

या खोक्यावरूनच काकांचं आणि गावाचं जुनं भांडण. खोकं प्रथम छापून आलं तेव्हा काकांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि निकाल दिला, की चित्र उलटं छापलंय; झाडीचा खांदा उजवीकडे हवा. लोकांनी त्यांना दंडाला धरून दारात आणलं आणि खरा डोंगर दाखवला. झाडी डावीकडे, कातळ उजवीकडे, अगदी खोक्यावरच्यासारखा. काकांनी पाहिलं. आपल्याच फोटोकडे बघताना माणसाला चुकल्यासारखं वाटतं ना, तसं त्यांना वाटलं. ते आत आले आणि म्हणाले, ‘तुम्ही येता-जाता बघता, मी दिवसभर बघतो. कुणाचं खरं धरायचं?’ लोक पोट धरून हसले. त्याच दिवशी काकांनी कबूल केलं असतं तर विषय मिटला असता. पण चूक जुनी झाली की माणूस तिला तत्त्व म्हणायला लागतो, आणि काकांची तर मुरली होती. पुढे कुणाला वेळ जात नसला की तो सलूनमध्ये येऊन विचारायचा, ‘काय काका, खोकं सुलटं झालं का?’ काका वस्तऱ्याला धार लावत म्हणायचे, ‘छापणारा सुधारला की होईल.’

असं सगळं चाललेलं असताना एका कंपनीचा डोंगरावर डोळा पडला. तिला दगडाची खाण हवी होती. नगरपालिकेच्या सभागृहात डोंगराचं भलंमोठं रंगीत चित्र लागलं, त्यात काळ्या कातळावर लाल रेघेने चौकोन आखलेला. त्याच चित्राची पत्रकं घरोघर वाटली गेली. गुरुवारी सुनावणी; ज्याला हरकत असेल त्याने येऊन सांगावी. गावात कुणाला हरकत असायचं कारण नव्हतं. निवृत्त हेडमास्तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी केस कापायला आले तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या वतीने मत दिलं, की ओसाड कातळ आहे, गवताची काडी उगवत नाही, गेला तर काय बिघडलं. हेडमास्तरांच्या डोक्यावर केसांची जेमतेम एक झालर उरली होती, तरी ते दर महिन्याला येत, तासभर खुर्ची अडवत आणि जाताना आरशात स्वतःकडे बघून समाधानाने मान हलवत.

काकांचं खाणीकडे लक्षच नव्हतं. ते चित्रावर खूष होते. पत्रकात झाडी उजवीकडे होती आणि कातळ डावीकडे, जसा असायला हवा तसा. त्यांनी ते आरशाच्या कडेला चिकटवलं आणि येईल त्याला दाखवलं. अखेर कुणीतरी डोंगर नीट छापला, मोठ्या कंपन्यांचं कामच वेगळं. आणि गंमत बघा, एकालाही त्या चित्रात काही खटकलं नाही. एवढं मोठं, एवढं गुळगुळीत, वर शिक्का. असल्या कागदावर संशय घ्यायची कुणाला सवय असते?

खटकलं ते लेकीला. काकांच्या लेकीने मधल्या पडद्यापलीकडे बायकांसाठी दोन खुर्च्या टाकल्या होत्या. हात तिने बापाचा घेतला होता आणि जीभ आईची. मंगळवारी दुपारी ती धुतलेले टॉवेल ठेवायला अलीकडे आली आणि पत्रकासमोर थांबली. काका एका गिऱ्हाइकाच्या गालांना फेस लावत होते.

‘बाबा, हे चित्र तुम्हाला बरोबर वाटतं?’

‘तंतोतंत. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.’

लेकीने टॉवेल खाली ठेवले. मग ती म्हणाली, ‘तुम्हाला बरोबर वाटतंय ना? मग ते चुकलंय.’

तिने पत्रक सोडवलं. पाती ठेवायला काकांकडे बेकरीवाल्याचंच एक रिकामं खोकं होतं, ते घेतलं. खोकं हातात धरलं आणि पत्रक आरशाला दाखवलं. आरशातलं पत्रक आणि हातातलं खोकं, दोन्ही डोंगर जुळ्या भावांसारखे झाले. गालावर फेस घेऊन बसलेलं गिऱ्हाईकही पुढे वाकून बघू लागलं. लेकीने पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात छापलेली ओळ मोठ्याने वाचली: ‘प्रस्तावित खाण, गावातून पाहता डाव्या हाताचा खांदा, पायथ्यापासून निम्म्या उंचीपर्यंत.’

‘डावा हात कुठला तुमचा?’ तिने विचारलं.

काकांनी फेसाचा ब्रश उजव्या हातात घेतला आणि डावा वर केला. लेकीने त्यांना तसंच दारापर्यंत नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. काकांचा डावा हात सरळ झाडीकडे दाखवत होता. चित्रात कातळावर काढलेला चौकोन त्या ओळीप्रमाणे खऱ्या झाडीवर बसला होता, झऱ्यासकट. गुरुवारी गाव मान डोलावणार होतं कातळाला, आणि सही पडणार होती झाडीवर.

‘आरशातच बघत राहिलो असतो तर हे दिसलंच नसतं,’ काका हळूच म्हणाले.

‘हातच्या काकणाला आरसा कशाला, बाबा?’ लेक म्हणाली. ‘मान वर केली असती तरी दिसलं असतं. पण तेवढं गावात कुणीच केलं नाही.’

त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही. डोंगर वाचवायचा तर सुनावणीत उभं राहून सांगावं लागणार, की चित्र उलटं आहे. म्हणजे खोकं सुलटं आहे. म्हणजे आपण अडतीस वर्षं, भर गावात, छाती काढून, चुकीचं बोलत होतो. लेक म्हणाली, मी सांगते, तुम्ही घरी बसा. हे काकांना त्याहून कठीण वाटलं. काकू भांडी आवरत होत्या. काकांनी विचारलं, ‘तुला माहीत होतं, मी चुकतोय ते?’

‘लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून,’ काकू म्हणाल्या. ‘संसारात सगळंच बोलून दाखवायचं नसतं. पण आता बोला. पाणी मला भरावं लागतं.’

गुरुवारी सभागृह भरलं. लोक खाणीसाठी कमी आणि पंख्याखाली बसायला जास्त आले होते. मोठ्या कचेरीतून अधिकारी बाई आल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, पेनाचं टोपण दाताखाली. कंपनीतर्फे एक तरुण साहेब होता, हसरा, ताज्या दाढीचा. काकांनी पाहिलं, की हनुवटीखाली दोन केस सुटलेत. ज्याला स्वतःची हनुवटी नीट बघता येत नाही त्याने डोंगर काय बघितला असणार, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना जरा धीर आला.

हरकत कुणाची, असं बाईंनी विचारल्यावर काका उठले. मागून कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकलंच, की खोकं सुलटं झालं का. सभागृह हसलं. काकांनी हसू ओसरू दिलं.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘बाई, मी आधी एक कबूल करतो. बेकरीवाल्याचं खोकं बरोबर आहे. अडतीस वर्षं मी चुकत होतो.’

बेकरीवाला अर्धवट उठून उभा राहिला, आणि का उठलो हे न कळून पुन्हा बसला. आता कुणी हसलं नाही. चेष्टेचा विषयच स्वतःहून शरण आला की चेष्टेखोरांना फार एकटं वाटतं.

‘मी डोंगर उलटा पाठ केलाय,’ काका पुढे म्हणाले, ‘म्हणून उलटा डोंगर या गावात माझ्याइतका कुणी ओळखत नाही. हे भिंतीवरचं चित्र मला बरोबर दिसतं. आता काय ते समजा.’

समजायला सभागृहाला वेळ लागला. बाईंना लागला नाही. त्यांनी टोपण दातातून काढलं, कागदावरची ओळ वाचली, चित्र बघितलं आणि सरळ उठून बाहेर पायऱ्यांवर गेल्या. त्यांच्यामागे साहेब, साहेबामागे नगरपालिका, नगरपालिकेमागे गाव. पायऱ्यांवर, कठड्यावर, फाटकाबाहेर माणसं उभी राहिली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा अख्ख्या गावाने एकाच वेळी वर पाहिलं.

डोंगर होता तिथेच होता. अकराचं ऊन खाचेतून उतरून झाडीच्या शेंड्यांवर पसरलं होतं आणि एकेक झाड सुटं दिसत होतं, विंचरल्यासारखं. कातळावरची ओली रेघ वस्तऱ्याच्या पात्यासारखी चमकत होती. दोन घारी कड्याच्या काठावरून एकदम सुटल्या आणि पंखही न हलवता वर वर गेल्या. आपल्याच घरचं माणूस चारचौघांत उठून दिसावं तसं काकांना झालं. लोकांचे डावे हात एकेक करून वर होत होते, खात्री करून घेत होते आणि खाली येत होते.

साहेबाने कुठेतरी फोन लावला. कळलं ते असं: पत्रकावर कंपनीच्या बोधचिन्हाला मोकळं आकाश हवं होतं, ते नेमकं पलीकडच्या बाजूला होतं, म्हणून छापणाऱ्याने चित्र फिरवलं. आखणी करणाऱ्याने डोंगर पाहिलाच नव्हता. त्याने चित्र पाहिलं होतं. पण साहेब हुशार होता. तो आत येऊन म्हणाला, की ही छपाईची चूक, आम्ही ओळ दुरुस्त करतो, झाडीला हातही लावत नाही. चित्रात दाखवलाय तो ओसाड कातळच घेऊ, त्याला तर गावाची ना नव्हतीच.

माना डोलायला लागल्या. हेडमास्तरांची सगळ्यात आधी डोलली. काकांना वाटलं, अडतीस वर्षांचं तत्त्व आपण एवढ्या स्वस्तात घालवलं की काय. ते पुन्हा उठले.

‘ओसाड म्हणजे निकामी, हे कुणी ठरवलं?’ ते म्हणाले. ‘हेडमास्तर तीस वर्षं माझ्याकडे येतात. त्यांच्या डोक्यावर काही उगवत नाही म्हणून मी कधी त्यांचे कान कापले नाहीत.’

या वेळचं हसू वेगळं होतं. त्यात हेडमास्तरही होते, जरा उशिरा. हसू निवायच्या आत काकांनी खरी गोष्ट काढली. कातळावरची ती ओली रेघ. उन्हाळ्यात एक दिवस असा येतो, की ती सुकते. ती सुकली की आठ-नऊ दिवसांनी गावाचे नळ बारीक होतात. दरवर्षी. झाडीत कितीही गारवा असो. सलूनमध्ये पाण्यावाचून एक तास जात नाही, म्हणून काका रेघ सुकलेली दिसली की घरी सांगतात आणि काकू पिंप भरून ठेवतात. कातळ पाणी पितो आणि झाडी ते देते, असं त्यांचं म्हणणं. ‘एक कापला की दुसरा आपोआप मेला,’ ते म्हणाले. ‘आणि मग साऱ्या गावाची बिनपाण्याने होईल. ती मला करता येणार नाही.’

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हे कुठे लिहून ठेवलंय का, असं त्यांनी विचारलं.

काकांचा चेहरा पडला. लिहिलं होतं; सलूनमधल्या कॅलेंडरवर, दरवर्षी, पेन्सिलीने. पण वर्ष संपलं की त्या कॅलेंडरची पानं फाडून त्यांवर वस्तऱ्याचा फेस पुसायची पद्धत. अडतीस वर्षांची नोंद त्यांनी स्वतःच्याच हाताने, गावाच्या दाढ्यांसोबत, कचऱ्यात टाकली होती.

तेव्हा लेक पुढे आली. तिच्या काखेत तेलाचा वास येणारी एक गुंडाळी होती. फण्यांच्या खणात अंथरायला म्हणून तिने बापाच्या तावडीतून सोडवलेली अकरा कॅलेंडरं. बाईंनी ती टेबलावर पसरली. प्रत्येकावर एका तारखेला काकांच्या हातची फुली, ‘रेघ गेली’. पुढे आठ-नऊ दिवसांवर दुसरी फुली, ‘नळ बारीक’. अकरा वर्षं, बावीस फुल्या. बाईंनी बोटांनी दिवस मोजले, पुन्हा मोजले. मग साहेबाला विचारलं, की कातळाच्या पाण्याचा अभ्यास तुमच्या कागदांत कोणत्या पानावर आहे. साहेबाने पानं उलटली. तो बराच वेळ उलटत होता.

अर्ज परत गेला. महिन्याभराने दोन तज्ज्ञ आले, त्यांनी कातळाच्या भेगेत कसलासा रंग ओतला आणि झऱ्यावर बाटल्या घेऊन बसले. नवव्या दिवशी झऱ्याच्या पाण्याला हिरवी झाक आली. ती बघायला निम्मं गाव चढून गेलं होतं. त्यातल्या कित्येकांनी झरा पहिल्यांदाच पाहिला आणि परत येऊन असं सांगितलं, जणू तो त्यांनीच खणला. नगरपालिकेने ठराव केला, की दोन्ही खांदे आणि मधलं शिखर यांना कुणीही हत्यार लावायचं नाही. ठराव वाचताना हेडमास्तर म्हणाले, की त्यांचं मत आधीपासून हेच होतं. काकांनी ते ऐकून घेतलं. एका माणसाने एका वर्षात एकच चूक कबूल करावी आणि ती त्यांनी केली होती. हेडमास्तरांची पाळी पुढच्या वर्षी.

बेकरीवाला सलूनमध्ये आला. काकांच्या मानासाठी एक वर्ष खोकं उलटं छापायची त्याची तयारी होती. काका म्हणाले, नको, लोकांना आत्ता कुठे बघायची सवय लागतेय.

मग त्यांनी सुताराला बोलावून एक खुर्ची जमिनीपासून सोडवून घेतली आणि फिरवून दाराकडे तोंड करून बसवली. तिच्यासमोर आरसा नाही. आपलं काय होतंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. काकांवर विसंबायचं आणि समोर बघायचं. लेक म्हणाली, या खुर्चीत कोण बसणार? पहिला आठवडा ती रिकामी राहिली. आता रविवारी तिच्यासाठी बाकावर चार-पाचजण थांबलेले असतात आणि बाजूची आरशासमोरची खुर्ची मोकळी असली तरी उठत नाहीत.

त्या खुर्चीमागे उभं राहिलं की काकांना डोंगर सरळ दिसतो. अजून तो त्यांना जरासा चुकल्यासारखाच वाटतो. सवय होईल, ते म्हणतात. आणि कात्री थांबवून गिऱ्हाइकाच्या डाव्या कानाकडे हलकेच बोट दाखवतात, की तिकडे बघा, झाडी निळी व्हायला लागली.